लढाई हरलेलं सरकार दुसऱ्या दिवशी काय करतं? भुदरगड १८४४ आणि बाकीचे

गारगोटीचा गडी

राम राम मंडळी.

बंडवाल्यांनी सरकारी फौज लोळवली की आपल्याकडं गोष्ट तिथंच थांबते. शाहीर डफ खाली ठेवतो. मला त्याच्या पुढचं पाहिजे. हरलेल्या सरकारचा दुसरा दिवस कसा जातो? तिजोरीत किती शिल्लक, पलटणीत किती उरले, कुणावर भरवसा टाकायचा, बंडवाल्यांशी बोलायचं की पुन्हा फौज धाडायची? काही सरकारं यातून उठतात, काही आठवड्याभरात आडवी होतात.

आमच्या तालुक्यातलंच घेतो. साल १८४४. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी ऊर्फ बाबासाहेब महाराज, अजून अज्ञान. कारभार दाजी कृष्ण पंडितांच्या हातात, आणि त्यांना बसवलेलं इंग्रजांनी. पंडितांनी महसुलाची घडी नव्यानं बसवायला घेतली आणि त्यात हात घातला गडकऱ्यांच्या जमिनीला. गडकरी म्हणजे किल्ल्यावरची पिढीजात शिबंदी. गडाखालची जमीन कसायची आणि त्या बदल्यात गड राखायचा, बापामागून मुलानं. ती जमीन मामलेदाराच्या नजरेखाली गेली की उद्या सारा लागणार आणि परवा जमीनच जाणार, हे कळायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. जुलैत सामानगड आणि भुदरगडाचे दरवाजे आतून बंद झाले.

मग फौज. बेळगावहून ईस्ट इंडिया कंपनीचं सैन्य सप्टेंबरात सामानगडाखाली आलं, पण गड लगेच हलला नाही. इकडं भुदरगडासमोर दरबाराची माणसं होती. गडकरी गडाबाहेर पडले आणि त्यांनी दरबारी फौजेला पिटाळून लावलं. एवढंसं झालं आणि त्याचा धक्का थेट कोल्हापुरात. शिबंदीतले लोक फुटले. बाबाजी आहिरेकरांच्या पुढाकारानं खुद्द दाजी पंडितांना धरलं, राजधानीत बंडवाल्यांचा कारभार सुरू. दौऱ्यावर असलेले कर्नल ओव्हान्स, साताऱ्याचे रेसिडेंट म्हणजे कंपनीचे तिथले प्रतिनिधी, त्यांनाच पकडून पन्हाळ्यावर नेऊन ठेवलं. दिवाण कैदेत, इंग्रज साहेबही कैदेत, राजा अज्ञान. सरकार म्हणून उरलं काय होतं सांगा.

आणि तरी डिसेंबर उजाडता उजाडता डाव उलटला. १३ ऑक्टोबरला कंपनीच्या जनरल डेलामोटनं सामानगड चढून घेतला. १ डिसेंबरला पन्हाळा, त्याच दिवशी पावनगड. नव्या वर्षात सावंतवाडीकडचे मनोहर आणि मनसंतोष. तिथले फोंड सावंत आणि त्यांची माणसं गोव्यात उतरली.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग शिव्या घाला. आपण म्हणतो ‘सरकार सावरलं’, पण बहुतेक वेळा हरणारा एक असतो आणि सावरणारा दुसरा. भुदरगडाखाली दरबार हरला, पन्हाळ्यावर कंपनी जिंकली. आणि मोहिमेचा खर्च लागला दरबाराच्या नावावर. गडकरी पद्धत मोडीत काढली, तट पाडले, राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हातात गेला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी स्थानिक पलटण उभी राहिली. महाराजांना कारभाराचे अधिकार मिळायला १८६२ साल उजाडलं, तेही अटी घालून.

जगात इतरत्र काय दिसतं? लिहा.

तांबडा पांढरा

जेवून लिहिलंस का जेवायच्या आधी? लई मोठं झालंय भावा. पण साहेबाला पकडून ठेवायला पन्हाळा निवडला हे आवडलं. आपण तिथं हवा खायला पैसे मोजून खोली घेतो, त्यांची सोय फुकटात झाली.

दप्तरी

गडीसाहेब, मांडणी चांगली, पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. ‘दरबार हरला, कंपनी जिंकली’ हे दोन वेगळे पक्ष धरले तरच बरोबर ठरतं. दाजी पंडितांना कंपनीनंच बसवलं होतं. त्यांची नवी महसूल व्यवस्था कंपनीला हवी तशीच होती. म्हणजे भुदरगडाखाली जी फौज हरली तिच्या मागची इच्छा कंपनीचीच. पुढच्या रांगेत उभा केलेला माणूस पडला, तेव्हा मागचा पुढे आला, एवढंच.

कंपनीला सावरता का आलं हे मात्र नीट पाहण्यासारखं आहे. कोल्हापूर दरबाराची सगळी ताकद कोल्हापुरातच होती. दिवाण पकडला, राजधानी गेली की दरबार संपला. कंपनीची राजधानी मुंबईत, तोफा बेळगावात, पलटणी आणखी कुठून कुठून येणाऱ्या. कोल्हापुरात तिचं कितीही नुकसान झालं तरी जीव जाणार नव्हता. बंडवाल्यांचा हात पोचेल त्याच्या पलीकडे ज्या सरकारचं काही शिल्लक असतं, त्याला विचार करायला उसंत मिळते.

दुसरं, गडकऱ्यांची ताकद आणि अडचण एकच होती: गड. प्रत्येकजण आपापल्या गडाला धरून. त्यामुळे कुठे आधी लढायचं हे ठरवायची मोकळीक डेलामोटला मिळाली. सामानगड, मग पन्हाळा, मग तळकोकणाची बाजू. सगळे गड एकाच वेळी जाऊन भिडले असते तर वेगळं लिहिलं असतं. शहर हाती आल्यावरही त्यांना ते राखता आलं नाही, शेवटी आसऱ्याला पुन्हा पन्हाळ्याचाच तट. भिंतीच्या आत बसलेल्या माणसाला तोफवाला घाबरत नाही. पन्हाळ्याच्या चार दरवाजाचं आज जे काही उरलंय ते बघून यावं.

शिवाजीपेठ कट्टा

आपण कोल्हापूरकर हा विषय कायम दुसऱ्या अंगानं शिकलो. सरकार म्हणजे दिल्ली आणि विजापूर, आणि त्यांना हैराण करणारे आपण. त्यामुळं सरकार सावरतं कसं याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पराभवाचं आहे. १६६५.

बघा. एप्रिल १६६३, लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं गेली. त्यानंतर जसवंतसिंगानं सिंहगडाला वेढा घालून काही साधलं नाही. जानेवारी १६६४ ला सुरत. दिल्लीची अब्रू पार धुळीला. औरंगजेबानं काय केलं? शाहिस्तेखानाला बंगालला धाडलं, भेटायलासुद्धा बोलावलं नाही. आणि दक्षिणेत पाठवला मिर्झाराजा जयसिंग. उरलीसुरली फौज गोळा करून धाडून दिली असं झालं नाही. जयसिंगानं आधी मागून घेतलं ते अधिकार. लढाई आणि मुलकी कारभार दोन्ही माझ्या हातात, दोन धनी नकोत. शाहिस्तेखान आणि जसवंतसिंग यांच्यातला बेबनाव त्यानं बघितलेला होता.

मग तो थेट भिडलाही नाही. विजापूर महाराजांच्या बाजूला जाणार नाही अशी तजवीज, पोर्तुगीजांना पत्रं, सिद्दीशी संधान, आसपासचे लहानमोठे संस्थानिक फोडायचे. इकडं घोडदळाच्या टोळ्या गावं जाळत फिरतायत. आणि सगळा जोर एकाच जागी, पुरंदर. सासवडला तळ, एप्रिलमध्ये वज्रगड, मुरारबाजी पडले, जूनमध्ये तह. २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. आपल्याकडं उरले १२ किल्ले.

कुस्तीत खाली गेलेला पैलवान लगेच उसळी मारत नाही, आधी श्वास घेतो आणि वरच्याचा हात कुठाय ते चाचपतो. जयसिंगानं तेच केलं. शत्रू म्हणून मला तो शाहिस्तेखानापेक्षा दहा पटीनं भारी वाटतो.

पण पुढचंही सांगायला पाहिजे. ऑगस्ट १६६६ ला महाराज आग्र्याहून निसटले आणि १६७० ला सिंहगड, पुरंदर परत स्वराज्यात. दिल्लीचं सावरणं पाच वर्षं टिकलं. तहात जेवढं मिळालं तेवढं पचवायची अक्कल बादशहाकडं नव्हती.

माजी हवालदार, कळंबा

मंडळी, मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो. पुस्तकं कमी वाचली, पण मार खाल्लेली तुकडी जवळून बघितली आहे, श्रीलंकेत, ८७ सालच्या अखेरीस.

अशा तुकडीत पहिल्या रात्री हजेरी होते. कोण आहे, कोण नाही, कुणाचं हत्यार कुठं राहिलं. मग चहा. मग सगळे एकच बघत असतात: वरून कुणी येतंय का? सीओसाहेब स्वतः आले, जखमी हलवले, घरी कळवायची व्यवस्था झाली, की तीच पोरं चार दिवसांत परत उभी राहतात. कुणी फिरकलंच नाही तर हातात बंदूक असून उपयोग नाही. सरकारचं सावरणं तिथनं चालू होतं, मंत्र्याच्या भाषणापासनं नाही.

आम्ही १९९० ला परत आलो. नंतर तिथल्या फौजेच्या बातम्या बघत राहिलो, जागा ओळखीच्या म्हणून. १९९६ च्या जुलैत मुल्लैतिवूचा तळ तमिळ वाघांनी (एलटीटीई) घेतला, हजारावर सैनिक गेले. २००० च्या एप्रिलमध्ये एलिफंट पास गेला. जाफन्याकडं जायची जमिनीवरची वाट त्याच चिंचोळ्या पट्टीवरनं जाते. आम्ही तिथं राहिलेली माणसं म्हणालो, आता जाफना गेला. पण गेला नाही. २००२ ला शस्त्रसंधी झाली, सरकारला उसंत मिळाली. २००४ ला वाघांचा पूर्वेकडचा सेनापती करुणा फुटून पूर्वेकडची पोरं घेऊन बाहेर पडला, ही लॉटरीच. पण लॉटरी लागून भागत नाही. २००६ नंतर फौजेनं लढायची रीत बदलली. मोठा लवाजमा घेऊन सडकेनं जायचं सोडलं, आठ-आठ जणांच्या टोळ्या जंगलात सोडल्या. नेव्हीनं भर समुद्रात वाघांची हत्यारांची जहाजं बुडवली. भरती प्रचंड वाढवली. २ जानेवारी २००९ ला किलिनोच्ची घेतलं, मे महिन्यात प्रभाकरन संपला.

शेवटच्या महिन्यांत साधी माणसं किती मेली तेही लिहितो, नाहीतर जिंकल्याची गोष्ट म्हणून राहील. ४० हजारांपर्यंत असू शकतात असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०११ ला लिहिलंय. तो मुलूख मी पायी तुडवलाय. लपायला जागा नाही तिथं.

चंदगडची वैदेही

हवालदारकाका, तुम्ही हजेरीचं लिहिलंत आणि मला लगेच इराक आठवलं. मोसूल, १० जून २०१४. संख्येनं कितीतरी कमी असलेल्या आयसिसपुढे सैन्याच्या अख्ख्या डिव्हिजन विरघळून गेल्या, अधिकारी आधी पळाले, मग शिपाई गणवेश रस्त्यात टाकून. आणि वर्षाअखेर नवीन पंतप्रधान अबादी यांनी संसदेत सांगितलं, ५०,००० सैनिक फक्त पगाराच्या यादीत आहेत. प्रत्यक्षात कुणीच नाही. अधिकारी त्यांचे पगार खिशात घालत होते. म्हणजे मोसूलची हजेरी काही वर्षं आधीच घ्यायला हवी होती!

इराक सावरला तो क्रम सांगते. आधी माणूस बदलला: पंतप्रधान मलिकी गेले, अबादी आले. मलिकींच्या काळात सुन्नी भागातला राग इतका होता की मोसूलच्या कित्येक लोकांनी सैन्य गेल्याचं वाईट वाटून घेतलं नव्हतं. दुसरं, सैन्य उभं करायला वेळच नव्हता. १३ जूनला आयातुल्ला सिस्तानींच्या वतीनं आवाहन झालं आणि हजारो शिया तरुण स्वयंसेवक म्हणून आले, त्यातून हश्द अल-शाबी उभं राहिलं. त्यातल्या कित्येक गटांना इराणचा पैसा आणि सल्लागार. वरून अमेरिकेची विमानं. खऱ्या अर्थानं सरकारचं म्हणावं असं लढणारं दल एकच होतं, दहशतवादविरोधी दल, तेही अमेरिकेनंच तयार केलेलं.

बरं, सरळ चढती कमान नव्हती. एप्रिल २०१५ ला तिक्रित परत घेतलं आणि मे महिन्यात रमादी घालवलं! मग रमादी परत, २०१६ च्या जूनमध्ये फल्लुजा, ऑक्टोबरमध्ये मोसूलची मोहीम सुरू, जुलै २०१७ ला ती संपली. तीन वर्षं.

आता गडीदादांच्या मुद्द्याकडे. बिल कुणाला? २०१६ ला इराकच्या संसदेनं कायदा करून हश्दला सरकारी दलांचा भाग केलं. पगार सरकारचा, पण त्यातल्या कित्येक गटांचा हुकूम दुसरीकडून. सरकार वाचवायला आलेले लोक सरकारातच मुक्कामाला राहिले. त्यामुळे माझं मत गडीदादांच्या बाजूनं.

गारगोटीचा गडी

वैदेहीताई, आभार. दप्तरीसाहेब, तुमचं वाचलं. कंपनी आणि दरबार एकच म्हणता, मग खर्च दोघांत का वाटून घेतला नाही?

दप्तरी

कारण मालक आणि मुनीम एकाच पेढीचे असले तरी तोटा मुनिमाच्या पगारातून कापतात.

तांबडा पांढरा

ह्याला म्हणतात गुजरीत बसलेला माणूस 😄

मुक्काम पोस्ट पुणे

जन्म कोल्हापूरचा, पोट पुण्याचं. सगळेजण गडीच्या मागे निघालात म्हणून उलट उदाहरण देतो. कोलंबिया.

नव्वदीच्या दशकात फार्क या बंडखोरांनी तिथल्या सैन्याला अक्षरशः रडवलं. ऑगस्ट १९९६ ला लास देलिसियासचा तळ उडवला. मार्च १९९८ ला एल बिल्यारला खास बंडखोरांशी लढायला तयार केलेली तुकडीच कापून काढली. नोव्हेंबरात मितू, म्हणजे एका विभागाची राजधानी, ताब्यात घेतली. दुर्गम, नदीकाठची, पण राजधानी.

त्यावर सरकारनं दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. राष्ट्राध्यक्ष पास्त्राना यांनी बोलणी सुरू केली आणि त्यासाठी सुमारे ४२ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा सैन्य काढून फार्कला मोकळा करून दिला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पाचपट! लोकांनी शिव्या दिल्या. आणि बोलणी चालू असताना मागे सैन्य मुळापासून बदलायला घेतलं. सक्तीनं भरती केलेल्या पोरांच्या जागी पगारी सैनिक, हेलिकॉप्टर, रात्री लढायची तयारी. आधी फार्क शेकडोंच्या जमावानं तळावर तुटून पडायचे आणि पहाटेपर्यंत मदत पोचायचीच नाही. आता रात्रीच वरून मारा व्हायला लागला, तेव्हा मोठ्या जमावानं यायचं त्यांना बंद करावं लागलं. ही खरी उलथापालथ.

२००२ ला उरिबे आले. त्यांनी श्रीमंतांच्या संपत्तीवर १.२ टक्के एकदाच घ्यायचा कर बसवला, सुरक्षेसाठी म्हणून. ज्यांच्या मालमत्तेचं रक्षण करायचं त्यांच्याच खिशातून. फार्क हटले, २०१६ ला करार करून शस्त्रं खाली ठेवली. सरकार तेच, देश तोच. दुसऱ्या कुणी येऊन सावरलं नाही.

गारगोटीचा गडी

अमेरिकेचा ‘प्लान कोलंबिया’ विसरलात काय पुणेकर? ब्लॅक हॉक काय बिंदू चौकात मिळत होते?

मुक्काम पोस्ट पुणे

विसरलो नाही. २००० पासून अमेरिकेचा पैसा, हेलिकॉप्टर, प्रशिक्षण सगळं आलं. पण त्या युद्धावरच्या एकूण खर्चाचा मोठा वाटा कोलंबियानं स्वतः उचलला. मदत घेणं वेगळं आणि घराची किल्ली देणं वेगळं. १८४५ नंतर किल्ली कुणाकडे होती? कोलंबियात २००२ ला निवडणूक झाली, लोकांनी राष्ट्राध्यक्ष बदलला, आणि त्यानं धोरण बदललं. कोल्हापूरच्या रयतेला कुणी विचारलं होतं?

आणि काळी बाजू मीच सांगतो, नाहीतर वैदेहीताई सांगतील. वरून आकडे मागितले गेले, किती मारले? मग सैनिकांनी गरीब पोरांना कामाच्या आमिषानं नेऊन मारलं आणि बंडखोराचे कपडे चढवून मोजले. तिथल्या विशेष न्यायालयानं २००२ ते २००८ या काळातले असे ६,४०२ बळी मोजलेत. बक्षिसं, रजा, बढत्या त्या आकड्यांवर मिळत होत्या.

माजी हवालदार, कळंबा

हे वाचून झोप गेली. मुडदे मोजून बढती द्यायला लागलं की फौज फौज राहत नाही.

राजारामपुरी पाचवी गल्ली

कुणी म्यानमारचं का लिहीत नाही? ताजं आहे आणि आपल्या शेजारी आहे.

२७ ऑक्टोबर २०२३ ला शान राज्याच्या उत्तरेत तीन सशस्त्र गटांनी मिळून हल्ला चढवला. जानेवारी २०२४ ला लौक्काई पडलं, तिथले ब्रिगेडियर आपल्या हजारो माणसांसह शरण गेले. ऑगस्टमध्ये लाशियो. तिथं सैन्याच्या ईशान्य विभागाचं मुख्यालय होतं. विभागीय मुख्यालय बंडखोरांच्या हाती जायची ही तिथली पहिलीच वेळ. सगळीकडे लेख आले, लष्करी राजवटीचा शेवट जवळ आला म्हणून.

आला नाही. फेब्रुवारी २०२४ ला सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला. त्या धास्तीनं पोरं सीमा ओलांडून थायलंडला पळाली, पण हजारो सापडलीही. ड्रोनमध्ये बंडखोर आधी पुढे होते, सैन्यानं ते अंतर कापलं. पण निर्णायक गोष्ट चीननं केली. सीमेवरची नाकी बंद, व्यापार बंद, वीज बंद, आणि लाशियो घेणाऱ्या गटाच्या प्रमुखाला चीनच्या युनान प्रांतात अडकवून ठेवल्याच्या बातम्या. एप्रिल २०२५ ला त्या गटानं लाशियो शहर गोळी न झाडता सैन्याला परत दिलं, चिनी निरीक्षकांच्या देखत. त्यानंतर नौंगचो, क्यौकमे ही मंडालेच्या रस्त्यावरची गावं सैन्यानं लढून परत घेतली आणि डिसेंबरात निवडणुकीचा कार्यक्रमही उरकायला घेतला.

त्यामुळे मी गडीच्या पार्टीत. तिथं तर हरणारा लढलासुद्धा नाही, शेजाऱ्यानं शहर काढून हातात दिलं. देशाचा बराच भाग अजून सैन्याकडे नाही, राखाईनमध्ये अराकान आर्मी बसलेली आहे, तिकडे चीनचा हात तेवढा चालत नाही. यालाच सावरणं म्हणायचं असेल तर म्हणा.

शिवाजीपेठ कट्टा

आणि शेजाऱ्यानं हात वर केले की काय होतं? सीरिया. २०२४ च्या नोव्हेंबर अखेरीस अलेप्पो गेलं. रशिया युक्रेनमध्ये गुंतलेला, हिजबुल्ला इस्रायलचा मार खाऊन बसलेली. ४ डिसेंबरला असदनं हुकूम काढला, सैनिकांचा पगार ५० टक्क्यांनी वाढवला. ८ डिसेंबरला तो मॉस्कोच्या वाटेवर. वर्षानुवर्षं अर्धपोटी ठेवलेल्या शिपायाला वाढीव पगार मिळायच्या आधी सरकारच गेलं!

दप्तरी

सीरियाचा मुद्दा महत्त्वाचा, तो हवालदारांच्या चहाशी जुळतो.

मात्र कोल्हापूरबद्दल एक गोष्ट राहिली. १८४४ ला सरकार सावरलं असं आपण सगळेच धरून चाललो आहोत. तट पाडले, पिढीजात शिबंदी मोडली, पलटण आपल्या अधिकाऱ्यांखाली घेतली. तरी ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. कंपनीचा अधिकारी जेकब साहेबानं येऊन ती निःशस्त्र केली, आणि डिसेंबरात पुन्हा शहराचे दरवाजे आतून बंद झाले. ते फोडून त्यानं शहर घेतलं, माणसांना गोळ्या घातल्या. महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं, ते तिथेच १८६९ ला वारले. भुदरगड ते ५७, मध्ये १३ वर्षं. दिल्लीला पुरंदरच्या तहानंतर पाच वर्षं मिळाली, कंपनीला तेरा.

१८४४ च्या मुळाशी जो प्रश्न होता, की या जमिनीवर आणि या नोकरीवर आमचा पिढीजात हक्क आहे की सरकारची मर्जी, त्याला पन्हाळ्यावरच्या तोफांनी उत्तर दिलं नव्हतं. फक्त विचारणाऱ्यांना गडावरून खाली उतरवलं.

पेठशिवापूरची लेक

मी सहसा इथं फक्त वाचते. भुदरगडाच्या पायथ्याचं माहेर माझं. गडावर भैरवाच्या जत्रेला आम्ही लहानपणापासून जातो. तुम्ही सगळे सरकार कसं सावरलं यावर लिहिताय, पण गडावरून उतरवलेली माणसं कशी सावरली हे कुणी विचारलं नाही. ज्याचं काम, घर आणि शेत तिन्ही एकाच गोष्टीला बांधलेलं, त्याचं तिन्ही एका हुकमानं सुटलं. पुढच्या पिढ्या शेतमजुरीला, मुंबईच्या गिरण्यांत, पलटणीत गेल्या. आमच्याकडं घराघरात पलटणीतला माणूस आहे. गंमत बघा, ज्यांना किल्ला राखायचा नाही म्हणून सांगितलं, त्यांच्याच भागातून सरकारनं पुढं पलटणी भरल्या.

माजी हवालदार, कळंबा

ताई, हे बरोबर बोललात. बेळगावच्या सेंटरला आमच्या बरोबर भुदरगड, आजरा, चंदगडचीच निम्मी पोरं.

चंदगडची वैदेही

काका, एक विचारायचं होतं. हरल्यावर सरकारं पहिल्यांदा सेनापतीला धरतात. औरंगजेबानं मामाला बंगालला पाठवलं. म्यानमारमध्ये लौक्काई देणाऱ्या ब्रिगेडियरांपैकी तिघांना फाशी सुनावल्याच्या बातम्या होत्या. इराकमध्ये उलटं, संसदेच्या समितीनं मोसूलसाठी मलिकींसकट कितीतरी जणांना जबाबदार धरलं आणि मलिकींना काही झालं नाही. सैनिक म्हणून तुम्हाला काय वाटतं, शिक्षा केल्यानं फौज सुधारते का?

माजी हवालदार, कळंबा

वैदेहीताई, शिपायाला शिक्षेपेक्षा ती कुणाला झाली हे दिसतं. ब्रिगेडियर चारी बाजूंनी वेढलेला, रसद महिनाभर नाही, हेलिकॉप्टर येईना, आणि त्यानं पोरांचा जीव वाचवला म्हणून त्याला फाशी, तर पुढचा ब्रिगेडियर लढेल असं वाटतं का? तो वेढा पडायच्या आधीच मागं सरकेल. शाहिस्तेखानाला बंगालला पाठवलं ते ठीक केलं, त्याचा तिथं उपयोग झाला, चितगाव त्यानं घेतलं. काम न जमलेल्या माणसाला जमेल तिथं टाकायचं.

मोसूलला मी आधी पळालेल्या शिपायांना नाही, यादीत खोटी नावं घालून पगार उचलणाऱ्यांना धरलं असतं. पन्नास हजार माणसांचा शिधा, दारूगोळा आणि बूट कागदावर वाटले गेले असणार. त्याचा हिशोब क्वार्टरमास्टरच्या रजिस्टरात सापडतो, समिती नेमावी लागत नाही.

राजारामपुरी पाचवी गल्ली

काका, मग कोल्हापूर दरबाराच्या १८४४ च्या शिबंदीला पगार वेळेवर मिळत होता का हे बघायला पाहिजे. दप्तरीसाहेब, पुरालेखागारात जाताय तेव्हा मलाही सांगा, मोडी थोडी येते.

दप्तरी

या. पण सोमवारी लवकर या, आणि मोबाईल बाहेर ठेवावा लागला तर कुरकुर करायची नाही.